नव्या फोल्डिंग चाकूचं लॉक सुटतंय, भरवसा ठेवू का?

पाऊस सुरू झाला की गडावर जाणाऱ्यांची पत्रं वाढतात, पण यंदा त्यातली बरीचशी खिशातल्या फोल्डिंग चाकूबद्दलची आहेत आणि जवळजवळ सगळ्यांचा रोख लॉककडे आहे. म्हणून या अंकातली सगळी जागा त्यालाच दिलीय. पहिलं उत्तर बरंच लांबलंय, मी ते लांबू दिलंय, कारण तिथे प्रश्न बोटाचा आहे.

प्रश्न: ताई नमस्कार, मी पुण्यात कोथरूडला राहतो, आयटीत आहे, शनिवार-रविवार गड ठरलेला. मागच्या महिन्यात ऑनलाइन एक लायनर लॉकचा चाकू मागवला, पातं साधारण तीन इंच, दोन हजारांच्या आसपास पडला. झटक्यात उघडला की टक्क आवाज येतो, लॉक मस्त बसतं. पण हळू उघडला तर आतली पट्टी जेमतेम कडेला टेकते. परवा तोरण्याच्या वाटेवर बांबूची काठी छाटत होतो, पातं बांबूत अडकलं, ते ओढून काढताना लॉक सुटलं आणि पातं मिटलं, बोट थोडक्यात वाचलं. विकणारा म्हणतो नवीन आहे, वापरून वापरून बसेल. मित्र म्हणतो पात्याची पाठ टेबलावर आपटून बघ, सुटलं नाही तर चाकू चांगला. कुणाचं ऐकू?

उत्तर: दादा, बोट वाचलं हे वाचून जीव भांड्यात पडला. सगळ्यात आधी तो चाकू कपाटात ठेवा आणि परत करायची मुदत किती दिवस उरलीय ते आजच बघा, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

आता हे लॉक काम कसं करतं ते समजून घ्या म्हणजे विकणारा काय म्हणतो आणि मित्र काय म्हणतो याचा निकाल तुमचा तुम्हालाच लावता येईल. मुठीच्या आत दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना लायनर म्हणतात. त्यातली एक पट्टी मधून चिरून आतल्या बाजूला थोडी वाकवलेली असते, चाकू मिटलेला असतो तेव्हा ती पात्याच्या अंगावर दाबून बसते आणि पातं पूर्ण उघडलं की तिला आत सरकायला जागा मिळते, मग ती सरकते आणि तिचं तोंड पात्याच्या बुडाला मागून टेकतं. दाराखाली पाचर मारतो ना, तसं. एकीकडे स्टॉप पिन, म्हणजे पूर्ण उघडलेलं पातं जिला जाऊन टेकतं ती मुठीतली खुंटी, दुसरीकडे ही पाचर, आणि पातं दोघांच्या मध्ये अडकून उघडं राहतं. पट्टीनं पातं अडवायची कल्पना तशी जुनी, पण आज आपण ज्याला लायनर लॉक म्हणतो तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकर नावाच्या अमेरिकन कारागिरानं घडवला. चाकू मिटलेला असताना पातं आपोआप उघडू नये म्हणून पट्टीवर बारीक गोळी बसवलेली असते, तीही त्याच रचनेतली.

खरी मेख पात्याच्या बुडाला दिलेल्या उतारात असते. पट्टी जिथे टेकते तिथे बूड सरळ कापत नाहीत, साधारण ७ ते १० अंशांचा उतार ठेवतात, म्हणजे वापरून पट्टी थोडी झिजली तरी ती अजून आत सरकून घट्टच बसते. हा उतार जास्त झाला तर दाब आल्याबरोबर पट्टी घसरून बाहेर ढकलली जाते आणि कमी झाला तर पट्टी रुतून बसते, अंगठ्यानं कितीही ढकला, हलत नाही. तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार वाटतोय, निदान तसा संशय घ्यायला जागा आहे.

आता 'वापरून बसेल' यात तथ्य किती ते सांगते. नवं लॉक घट्ट असेल, सोडवायला जोर लागत असेल, तर ते वापरून मोकळं होतं हे खरं आहे. नवी पट्टी बुडावर थोडीशीच चढलेली असेल, म्हणजे बुडाच्या जाडीचा पाव भाग वगैरे, तर तीही हळूहळू आत सरकते हेही खरं. पण दाबाखाली सुटणारं लॉक वापरून सुधारत नाही, कारण तिथे उतारच चुकलेला असतो किंवा पट्टीत ताण कमी असतो, आणि तुम्ही ते वापरत असताना दर वेळी तुमची बोटं पात्याच्या वाटेत असतात. विकणाऱ्याच्या भरवशावर हे करू नका.

आणि त्या टक्क आवाजावर जाऊ नका, कुणीच जाऊ नका. झटका देऊन उघडलं की पात्याला वेग मिळतो, पट्टी त्या दणक्यानं जास्त आत जाते आणि आवाजही छान येतो. हळू उघडल्यावर पट्टी स्वतःच्या ताणानं कुठवर जाते ते खरं. म्हणून नवीन चाकू हातात आला की पहिल्यांदा अगदी सावकाश उघडायचा, पातं पिनला टेकेपर्यंत, आणि मग तो उलटा धरून उजेडात बघायचं. पट्टीचं तोंड बुडाच्या जाडीवर किती चढलंय? पाव ते निम्मं असेल तर उत्तम. नुसतं कडेला टेकलं असेल तर नको. पार पलीकडच्या लायनरला जाऊन टेकलं असेल तरी नको, कारण मग झिजेनं आत सरकायला जागाच राहिलेली नाही.

परत करायच्या आधी दोन गोष्टी मात्र तपासा, कारण कधीकधी दोष लॉकचा नसतो. एक म्हणजे कारखान्यातलं ग्रीस. नव्या चाकूत ते भरपूर असतं आणि नेमकं लॉकच्या तोंडावर आलेलं असेल तर तिथे घसरडं होतं. इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पट्टीचं तोंड आणि बुडाचा उतार दोन्ही स्वच्छ पुसा, बोळा काळा निघायचा थांबेपर्यंत. दुसरं म्हणजे पिव्हटचा स्क्रू, ज्यावर पातं फिरतं तो. पातं उघडं ठेवून पाठीकडून चिमटीत धरा आणि डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. हलत असेल तर स्क्रू ढिला आहे, बूड तिरकं होतंय आणि पट्टी बसायची तिथे बसत नाहीये. बहुतेक चाकूंना टॉर्क्सचे, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू असतात, माप टी-६ नाहीतर टी-८, तो बिट घरात नसेल तर बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत विचारा, पण बरोबर मापाचाच घ्या, चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरनं खटपट केली की स्क्रूचं डोकं जातं. थोडा थोडा आवळत जा, पातं हलायचं थांबलं पण अडखळत नाहीये अशा जागी थांबा. चाकू पूर्ण उघडून सुटा करू नका, बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी तिथेच संपते.

एवढं झालं की एक तपासणी करा जी मला फार आवडते, कारण त्यात अंदाज राहत नाही, डोळ्यांना दिसतं. साधा परमनंट मार्कर घ्या, बुडाचा जो उतार पट्टीला भेटतो तो काळा करा, वाळू द्या, चाकू काही वेळा सावकाश उघडा-मिटा आणि बघा शाई कुठे खरवडलीय. पिव्हटपासून लांबच्या, खालच्या भागात एक सलग पट्टा उजळला असेल तर टेकण चांगलं आहे. वरच्या कोपऱ्यात पिव्हटजवळ एखादा ठिपकाच उजळला असेल तर पातं त्या ठिपक्यावर डुलणार, मग वर-खाली हलणं आलं आणि पुढेमागे सुटणंही आलं.

मग दाब. पात्याच्या धारेवर जाड पुठ्ठ्याची घडी घालून ती टेपनं गुंडाळा, चाकू उघडा, आणि मूठ दोन्ही बाजूंनी अशी धरा की अंगठा एका अंगावर, बोटं दुसऱ्या अंगावर, पातं मिटलं तर ज्या खोबणीत येईल तिथे बोटाचं पेरही नको. टेबलाच्या कडेवर टॉवेलची घडी ठेवा आणि पात्याची पाठ त्यावर टेकवून हळूहळू दाबत जा. मनगटाच्या जोरानं, शरीराचं वजन टाकून नाही. मग दाब तसाच ठेवून मूठ जराशी पिळा, कारण लायनर लॉक सुटायचं असेल तर बऱ्याचदा पीळ बसल्यावर सुटतं. एवढ्याला पट्टी सरकलेली दिसली तर पुढे काही बघायची गरज नाही, हा चाकू परत.

मित्राच्या आपटण्याबद्दल: नको. पाठ जोरात आपटली की क्षणभर पातं आणि पट्टी दोन्ही उसळतात, त्यात चांगलं लॉकसुद्धा सुटू शकतं, म्हणजे चांगला चाकू नापास होतो आणि वर पट्टीच्या तोंडावर दणके बसून ते खराब होतं ते वेगळंच. बांबूत अडकलेलं पातं ओढताना जो दाब येतो तो सावकाश येतो आणि पिळत येतो, तो आपटून कळत नाही. आणि आपटणारी मंडळी मूठ नेहमीसारखी आवळून धरतात, बोटं बरोब्बर खोबणीसमोर. ससूनच्या कॅज्युअल्टीत जाऊन टाके घालून घ्यायचा हा हमखास मार्ग आहे.

पट्टी स्वतः वाकवून ताण वाढवायचे व्हिडिओ मिळतात, ते बघून हात घालू नका. उतार चुकलेला असेल तर ताण वाढवून फक्त दुखणं झाकलं जातं. सुटतंय त्याचा छोटा व्हिडिओ काढा, पुठ्ठा गुंडाळलेला, चेहरा वगैरे नको, फक्त पट्टी सरकताना स्पष्ट दिसली पाहिजे, आणि विकणाऱ्याला पाठवून पैसे मागा. बदलून दुसरा पाठवला तर त्याचीही हीच सगळी तपासणी, एकाच मालातले दोन चाकू सारखे असतील असं स्वस्त मालात धरून चालता येत नाही.

आणि बांबूचं. हे तुम्हाला एकट्याला नाही, सगळ्यांनाच सांगतेय. नेहमीसारखं कापताना दाब धारेवर येतो आणि तो पात्याला उघडण्याच्याच दिशेनं ढकलतो, म्हणजे सगळा भार स्टॉप पिनवर, लॉकला काही कामच नसतं. लॉकवर भार येतो तो टोकानं भोक पाडताना, डब्याचं झाकण उचकटताना, आणि अडकलेलं पातं वर ओढताना. ही तिन्ही कामं फोल्डिंग चाकूनं करू नयेत, कितीही महागाचा असला तरी. पातं लाकडात अडकलं तर मूठ उचलून ओढायची नाही, एका हातानं लाकूड पक्कं धरायचं आणि पातं ज्या वाटेनं आत गेलं त्याच वाटेनं, मागेपुढे करत बाहेर काढायचं, बोटं मुठीच्या दोन्ही अंगांवर ठेवून. बांबू छाटायचा असेल तर छोटी करवत न्या, वजन फार नसतं.

प्रश्न: ताई, मी फर्ग्युसनला सेकंड इयरला आहे. आमचा ग्रुप कात्रज ते सिंहगड नाईट ट्रेक करतो आणि पावसाळ्यात राजगडला मुक्काम. पहिलाच चाकू घेतोय. लायनर, फ्रेम, बॅक लॉक, बटण, काय काय दिसतं, डोकं गरगरतंय. सगळ्यात सेफ लॉक कुठलं? बजेट कमी आहे. जुन्या बाजारात मोठ्या ब्रँडचे एकदम स्वस्तात दिसले, घेऊ का?

उत्तर: तुला काय कापायचंय ते आधी बघ. काकडी, कांदा, सुतळी, पार्सलची टेप, मॅगीची पाकिटं, बरोबर? एवढ्यासाठी लॉक नसलेला चाकूही पुरतो. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचे लाल मुठीचे, मिटल्यावर ९१ मिलिमीटर भरणारे जे नेहमीचे चाकू असतात त्यांच्या पात्याला लॉक नाहीच, मागच्या स्प्रिंगच्या जोरावर पातं उघडं राहतं, आणि गेली कित्येक दशकं जगभर लोक ते वापरतायत. त्यांच्याच १११ मिलिमीटरच्या मोठ्या चाकूंना लॉक असतं. बिनलॉकचा चाकू हातात असला की माणूस आपोआप जपून कापतो हा मला त्याचा मोठा गुण वाटतो, कारण पाठीवर दाब दिला की पातं मिटणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

लॉक हवंच असेल तर तुझ्या बजेटमध्ये माझं मत ओपिनेलला. फ्रान्सच्या सव्हॉय भागातला, १८९० पासूनचा चाकू, लाकडी मूठ आणि मानेवर एक धातूचं कडं. कडं फिरवलं की पातं अडकलं, संपलं. हे कडं १९५५ साली आलं आणि २००० पासून ते मिटलेल्या अवस्थेतही लागतं, म्हणजे सॅकमध्ये पातं उघडायची भीती नाही. यात सुटण्यासारखं फार काही नाहीच, फक्त कडं तुला आठवणीनं फिरवावं लागतं, ते स्वतःहून लागत नाही. आठ नंबर घे, पातं साडेआठ सेंटिमीटर. पण आपल्या पावसाचं एक आहे, राजगडावर रात्रभर ओल्या सॅकमध्ये राहिला तर मूठ फुगते आणि सकाळी पातं निघता निघत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेत जा, आणि पातं स्टेनलेसचं घे, कार्बन स्टीलचं पातं पावसाळ्यात एका रात्रीत गंजाचे ठिपके दाखवतं.

बाकीच्यांचं थोडक्यात. बॅक लॉक, म्हणजे मुठीच्या पाठीवरची दांडी पात्याच्या खाचेत पडते ते, १९६४ च्या 'बक ११०' या अमेरिकन चाकूमुळे जगभर पसरलं. भक्कम असतं आणि सोडवताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही, पण खाचेत चिखल नाहीतर खिशातला कचरा साचला तर दांडी पूर्ण खाली पडत नाही आणि वरून मात्र लॉक लागल्यासारखं वाटतं. पावसाळी ट्रेकनंतर टूथपिकनं ती खाच साफ करायची, विसरायचं नाही. फ्रेम लॉक हे लायनरचंच मोठं भावंड, क्रिस रीव्ह या चाकू बनवणाऱ्यानं आणलं, तिथे मुठीची एक बाजूच पट्टीचं काम करते आणि तुझी पकड तिला आत दाबून ठेवते, म्हणून जास्त विश्वासाचं. आडवी दांडी दोन्ही बाजूंनी मागे ओढून सोडवायचं लॉक बेंचमेड या अमेरिकन कंपनीनं १९९८ साली अ‍ॅक्सिस या नावानं आणलं, आता त्या धर्तीची लॉक बऱ्याच कंपन्या देतात. डावखुऱ्यांना ते सगळ्यात सोयीचं, आणि बोटं वाटेत न आणता मिटतं. आत दोन बारीक स्प्रिंगा असतात, एक तुटली तरी दुसरी लॉक धरून ठेवते, पण तुटली की लगेच बदलून घ्यावी.

सगळ्यात सेफ कुठलं याचं एका शब्दात उत्तर मी देणार नाही, कारण नीट बनवलेलं लायनर लॉक हे वाईट बनवलेल्या फ्रेम लॉकपेक्षा केव्हाही बरं. त्यामुळेच जुन्या बाजारातला तो मोठ्या ब्रँडचा चाकू घेऊ नकोस. नाव हुबेहूब असतं, पण लॉकचं टेकण कसं घासलंय ते कुणी पाहिलेलं नसतं, आणि नेमके पैसे त्याचेच असतात.

प्रश्न: ताई, माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, दिवाळीत कॅम्पला जायचंय, यादीत छोटा चाकू लिहिलाय. आजोबा म्हणतात लॉकचा नकोच, मिटताना बोट कापतं. मुलाचे बाबा म्हणतात लॉकशिवाय देऊच नका. घरात रोज यावरून चर्चा. आम्ही सिंहगड रोडला राहतो.

उत्तर: दोघांचंही बरोबर आहे ताई, आणि भांडण मिटण्यासारखं आहे. आजोबा जे म्हणतायत ते लायनर लॉकला लागू पडतं. ते मिटवायला अंगठ्यानं पट्टी बाजूला ढकलावी लागते आणि त्या वेळी अंगठा पात्याच्या वाटेतच असतो. मोठ्या माणसाला सवय होते, पट्टी ढकलायची, पातं दुसऱ्या हातानं थोडंसं खाली आणायचं, अंगठा काढून घ्यायचा आणि मगच पूर्ण मिटायचं. अकरा वर्षांच्या मुलाच्या अंगठ्यात तेवढा जोर नसतो आणि धीर तर नसतोच. बाबा म्हणतायत तेही खरं, लहान मुलं टोकानं लाकडात भोक पाडायला जाणार म्हणजे जाणार आणि तिथे बिनलॉकचं पातं बोटावर मिटतं.

कड्याच्या लॉकचा, गोल टोकाचा चाकू घ्या. ओपिनेल मुलांसाठी तसा एक करतं, सात नंबरचा. टोक गोल असल्यामुळे भोक पाडायचा मोह होत नाही आणि कडं फिरवताना बोट पात्यासमोर येत नाही. पण द्यायच्या आधी आजोबांनाच शिकवायला बसवा. बसून कापायचं, मांडीवर ठेवून कापायचं नाही, धार नेहमी आपल्यापासून लांब, हात लांब करून आजूबाजूला फिरवून बघायचं की कुणी वाटेत नाही ना, उघडा चाकू घेऊन चालायचं नाही, दुसऱ्याला देताना मिटूनच द्यायचा. आणि धार चांगली ठेवा. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, जोर लावला की हात सटकतो. घरातल्या विळीवर हात बसलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नकोच. पहिले काही दिवस काकडी आणि साबणाची वडी कापू दे, साबण फार छान कापला जातो, त्यात मुलं रमतात. आणि कॅम्पवाल्यांना आधी एक फोन करा, काही ठिकाणी चाकू कॅम्पच्या ताईंकडे जमा ठेवून गरजेलाच देतात.

प्रश्न: नारायण पेठेत दुकान आहे, पार्सलं उघडायला फोल्डिंग चाकू सतत खिशात असतो. गणपतीत बंदोबस्त असतो, पोलिसांनी अडवलं तर? लॉकचा चाकू बेकायदा आहे असं एकजण म्हणाला.

उत्तर: लॉक आहे म्हणून चाकू बेकायदा होतो असं आपल्याकडच्या शस्त्र नियमांत नाही. नियमांत माप आहे ते पात्याचं, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं परवान्याच्या कक्षेत येतात, आणि त्यातही घरगुती, शेतीच्या किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळली आहेत. तुमचा तीन-साडेतीन इंची चाकू त्या मापाच्या आसपासही नाही.

पण काका, तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला, बंदोबस्ताच्या काळात मनाई आदेश निघतात आणि त्यात चाकू-सुऱ्या बाळगायलाच बंदी असते, तिथे इंचांचा हिशेब कुणी ऐकून घेणार नाही. त्या दिवसांत चाकू दुकानाच्या गल्ल्यात ठेवा आणि मिरवणुकीला रिकाम्या खिशानं जा. पार्सलांसाठी दुकानातच एक साधा कटर ठेवलात तर खिशात न्यायची वेळच येणार नाही. बटण दाबून पातं उसळणारा खटक्याचा चाकू मात्र कुठल्याच दिवसांत खिशात नको, तो बघून कुणीही पार्सलं उघडायचा आहे असं मानणार नाही. आणि विमानानं जाणार असाल तर केबिनच्या बॅगेत कुठलाही चाकू चालत नाही, चेक-इन बॅगेत टाका, नाहीतर लोहगावला सिक्युरिटीवर तो काढून घेतील.

प्रश्न: ताई, गंजू नये म्हणून चाकूला खोबरेल तेल लावते, सगळीकडे. आता लॉक बसतं पण मधूनच सरकल्यासारखं वाटतं. तेलामुळे असेल का? मी धनकवडीत राहते, चाकू बॅक लॉकचा नाही, पट्टीचा आहे.

उत्तर: हो, असू शकतं. पट्टीचं लॉक दोन धातूंच्या घर्षणावर धरून असतं, त्या जागी तेल गेलं की घर्षण गेलं. आणि खोबरेलच का नको तेही सांगते, ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणजे पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी पातं आखडणार, आणि महिनोन्‌महिने साचलं की चिकट होतं, त्यात खिशातली धूळ, सुताचे तंतू सगळं येऊन बसतं.

आधीचं सगळं तेल काढून टाका. भांड्याचा साबण आणि कोमट पाणी, जुना टूथब्रश, पिव्हटच्या फटीतून आणि पट्टीच्या मागून नीट घासा, मग लगेच पुसून हेअर ड्रायरनं नाहीतर उन्हात पूर्ण वाळवा. मग शिलाई मशीनचं तेल टाचणीच्या टोकावर घेऊन एकच थेंब पिव्हटवर, पातं उघड-मीट करून ते आत मुरू द्या, बाहेर आलेलं पुसून टाका. पात्यावर फक्त तेलाचा हात फिरवायचा, आणि त्याच चाकूनं खायचं कापत असाल तर तिथे मशीनचं तेल नको, खाण्यायोग्य दर्जाचं मिनरल ऑइल घ्या. पट्टीचं तोंड आणि ते जिथे टेकतं तो पात्याच्या बुडाचा भाग कोरडा ठेवायचा, शेवटी अल्कोहोलच्या बोळ्यानं तेवढा एकदा पुसून घ्या. एवढं करूनही सरकत असेल तर वर कोथरूडच्या दादांना सांगितलेली मार्करची तपासणी करा आणि शाई कुठे खरवडली त्याचा फोटो मला पाठवा, पुढच्या अंकात बघू.